स्लोवर ट्रक वर-खाली करतोय? पंप खोलायच्या आधी हे ऐका

आजचा भाग जुन्या डिझेल ट्रकवर. नव्या कॉमन रेल गाडीवर यातलं काही करून बघू नका, तिथलं प्रेशर जीवघेणं असतं.

गंजाड म्हटलं की लोकांना जिव्या सोमा म्हशे आणि वारली चित्रं आठवतात. मला आठवतो आमच्या काकांचा ट्रक. चार सिलिंडर, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. एका सकाळी चिकूचे क्रेट भरून झाले, स्टार्टर मारला आणि इंजिन स्लोवर आपोआप घूंऽऽ करून चढायला लागलं, मग खाली पडायचं, परत चढायचं. मधेच बंद. हायवेवरचा एक मिस्त्री बघून म्हणाला, "पंप गेला. गव्हर्नर खोलायला लागेल." म्हणजे पंप उतरवायचा, टेस्टिंगला पाठवायचा. आणि तोडलेला चिकू तोवर थांबतो का?

आता गव्हर्नर करतो काय, ते समजून घ्या. स्पीड पडला की तो डिझेल वाढवतो, चढला की कमी करतो. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा आला की इंजिनाला डिझेल कमी पडतं, स्पीड पडतो. गव्हर्नर डिझेल वाढवतो. तेवढ्यात बुडबुडा निघून जातो, भरपूर डिझेल पोचतं, स्पीड उसळतो. गव्हर्नर परत कापतो. म्हणजे तो बिचारा आपलं कामच करत असतो! या लाइन पंपाची पद्धत बॉशने १९२७ साली बाजारात आणली. आपल्याकडे मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण गॅरेजमध्ये अजून 'मायको पंप'च.

मिसिंग वेगळं, हं. मिसिंगमध्ये गाडी एका ठेक्यात धडधडते, एखादा सिलिंडर काम करत नसतो. स्लोवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर चालू आहे. नाही बदलला तर दोष तिथेच. हात आणि डोळे लांब ठेवा, डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.

आमच्या ट्रकला ठेका नव्हता, झोके होते. काका म्हणाले, "हवा धरली असती तर कुठेतरी डिझेल गळलं असतं ना?" इथेच बहुतेक जण फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथे भेग असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. ओलं दिसतं ते फीड पंपाच्या पुढे, जिथे डिझेल दाबाखाली असतं.

मग मी फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडली. बुडबुडे दिसले. पण कुठून येतायत? टाकीची लाइन सोडवली, कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं आणि नळी थेट त्यात बुडवली. हातपंप मारून हवा काढली, स्टार्ट केलं. दहा मिनिटं इंजिन एका सुरात. म्हणजे पंप ठीक, गव्हर्नर ठीक, दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधे.

कॅनवरही झोके राहिले असते तर पुढे फिल्टर आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघितला असता. काही जुन्या इंजिनांत व्हॅक्यूमचा गव्हर्नर असतो, त्याचा डायफ्रॅम फाटला तरी असंच होतं. पण सील तोडून गव्हर्नरचे स्क्रू फिरवू नका. इंजिन सुसाट सुटलं तर आवरत नाही.

सापडलं काय? पाइप जोडणाऱ्या बोल्टाचे तांब्याचे वॉशर. आधीच्या महिन्यात पाइप बदलताना कोणीतरी जुनेच दाबून बसवले होते. नवे दोन टाकले, हवा काढली, ट्रक चारोटीकडे निघाला.

जाताना काकांनी विचारलं, "पाइप बदलला कोणी होता रे?"

मी पाने गोळा करत होतो. ऐकलंच नाही असं दाखवलं.