आजीचें संचित

घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीचें संचित म्हणजे केवळ दागिने नव्हेत. राखेंत जपलेलें मूठभर बियाणें, हेंहि संचितच होय. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई सोमा पोपेरे शाळेंत कधीं गेल्या नाहींत. संकरित बियाण्यांच्या प्रसारानें वाल, घेवडा, भात यांचे जुने वाण शेतांतून नाहींसे होऊं लागले. इकडे नातवाचें आजारपण पाहून त्यांचें लक्ष ताटांतील अन्नाकडे वळलें. त्यांनीं जुनें बीं जमविलें व ‘बाएफ’ संस्थेच्या साहाय्यानें घरींच बियाण्यांची पेढी उभारली. २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या पेढीचा रिवाज असा, कीं नेलेलें बीं पिकल्यावर दुपटीनें परत करावें. कुलुपांतलें बीं कालांतरानें मरतें. दरसाल पेरलेलें आणि शेजाऱ्याच्या पदरांत घातलेलें तेवढेंच जगतें.