जुन्या यंत्राचा भरवसा



व्यवसायसंस्थेच्या एखाद्या बंद, थंड खोलीत अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हर-संगणकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पगारपत्रके, मालाचे हिशेब, ग्राहकांची खाती हे सारे मात्र त्याच्याच स्वाधीन असते. तो आठ-दहा वर्षे विनातक्रार चालला, की चालकांची समजूत होते की, जे इतके दिवस चालले ते यापुढेही चालेल; आणि एक डिस्क बिघडलीच, तर जोडीला दुसरी आहे. या दोन्ही समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

यंत्राचे सर्व भाग सारख्या गतीने झिजत नाहीत. पंख्यांच्या बेअरिंगमधील वंगण आटते. वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. बॅटरीची धारणाशक्ती घटते. सर्वांत नाजूक ती मिनिटाला ७,२०० किंवा त्याहून अधिक फेरे घेणारी हार्ड डिस्क. २००७ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी अभ्यासल्या. उत्पादकांच्या आकड्यांप्रमाणे वर्षाला शंभरांत एकही डिस्क बदलावी लागू नये. प्रत्यक्षात दोन ते चार बदलाव्या लागत, क्वचित तेरापर्यंतही. सुरुवातीचा काळ पार पडला की पुढील काही वर्षे निर्धास्तपणे जातात, हा समजही टिकला नाही. बिघाडाचे प्रमाण वयाबरोबर वाढतच जाताना आढळले.

याच गिब्सन यांनी १९८८ साली डेव्हिड पॅटरसन व रँडी कॅट्झ यांच्यासह अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडण्याची ‘रेड’ ही पद्धत मांडली होती. एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातील माहिती पुन्हा उभी करता येते. मात्र या सुरक्षिततेच्या गणितात प्रत्येक डिस्कचा बिघाड स्वतंत्र मानलेला असतो. एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच खोलीत तितकेच तास चाललेल्या डिस्का समवयस्क असतात. त्यांतील एक निकामी झाली, की तिची माहिती पुन्हा उभारण्यासाठी उरलेल्या सर्व डिस्का तासन्‌तास वाचाव्या लागतात. थकलेल्या सोबत्यांवर सर्वांत मोठा भार नेमका याच वेळी पडतो.

समवयस्कतेचा धोका किती टोकाला जाऊ शकतो, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये दिसून आले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या काही सॉलिड-स्टेट डिस्कांविषयी सूचना काढली. आतील आज्ञावली दुरुस्त न केल्यास त्या डिस्का ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस व ८ तास चालल्यावर बंद पडणार होत्या, आणि त्यानंतर डिस्कही परत मिळणार नव्हती की तिच्यातील माहितीही. दोष झिजेचा नव्हता, आज्ञावलीतला होता. परंतु तो प्रकट होणार होता वयानेच. ज्या डिस्का एकाच वेळी सुरू झाल्या, त्या जवळजवळ एकाच वेळी थांबणार होत्या. मग जोडीला ठेवलेल्या डिस्कचा उपयोग तो काय?

यंत्राबरोबर त्याचा आधारही म्हातारा होतो. सुटे भाग मिळेनासे होतात, यंत्राची खोड ओळखणारा तंत्रज्ञ नोकरी सोडून जातो. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३ या प्रणालीचे साहाय्य १४ जुलै २०१५ रोजी थांबविले. त्यानंतर जुन्या यंत्रामुळे ज्यांना तीच प्रणाली चालवावी लागली, त्यांच्याकडे नव्या हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या दुरुस्त्या नेहमीच्या मार्गाने येईनाशा झाल्या.

उपाय साधे आहेत. प्रत्येक यंत्राचे व डिस्कचे वय नोंदवहीत असावे. सर्व डिस्का एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलाव्यात, म्हणजे त्या समवयस्क राहत नाहीत. माहितीची प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, आणि त्या प्रतीवरून काम खरोखर सुरू होते की नाही, हे वेळोवेळी करून पाहावे. जुने यंत्र टाकूनच द्यावे असे नाही. जेथे दोन दिवस खोळंबा चालेल अशा कामावर ते नेमावे. बदलाचा खर्च टाळता येत नाही. तो अंदाजपत्रकात आधी मांडायचा, की काम ठप्प झालेल्या दिवशी नाइलाजाने सोसायचा, एवढीच निवड संस्थेच्या हाती असते.