ऑस्ट्रियन अर्थपंडित आणि आमची मजुरी



कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत यावे आणि खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांवर बोलावे, ह्याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्या युनियनमधल्या सोबत्यांना तर रागच आला. "मालकांच्या देवांची आरती ओवाळायला चाललात काय?" असे एकाने तोंडावर विचारले. आम्ही त्याला एवढेच सांगितले, की आरती ओवाळायची नाही. पण ज्या विचाराशी जन्मभर भांडलो, त्याचे म्हणणे एकदा पुरते ऐकून तरी घ्यावे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. शाळा सुटली ती थेट लेथवर उभे राहिलो. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, शेजारी शब्दकोश ठेवून. तेव्हा आजच्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. थोडासा अनुभव सापडेल.

हा नाद कसा लागला ते आधी सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही एक्केचाळीस दिवसांचा संप केला. करार मनासारखा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. पुढल्या सहा वर्षांत काय झाले? संगणकावर चालणारी यंत्रे आली, निवृत्त झालेल्याच्या जागी नवा माणूस घेणे बंद झाले आणि दारात कंत्राटदार येऊन उभा राहिला. करारातला पगार मिळत होता. पण तो घेणारी पटावरची माणसे निम्म्यावर आली होती. आमच्या एका सोबत्याचा मुलगा त्याच कारखान्यात, बापाच्याच खात्यात, बापाच्या एकतृतीयांश पगारावर कंत्राटी म्हणून लागला. त्याने एकदा विचारले, "काका, तुमच्या संपाने मला काय मिळाले?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता एका जुन्या निबंधाशी गाठ पडली. निबंध १९१४ सालचा, लेखक व्हिएन्नाचा बोम-बावर्क, आणि विषय नेमका आमचाच: बळाने वाढवून घेतलेली मजुरी टिकते का?

हा बोम-बावर्क ज्या पंथाचा, त्याला ऑस्ट्रियन पंथ म्हणतात. हे नाव प्रथम जर्मन प्राध्यापकांनी हेटाळणीने दिले आणि पुढे तेच चिकटले. पंथाचा मूळ पुरुष कार्ल मेंगर. त्याचा जन्म १८४० सालचा. तरुणपणी तो काही काळ वृत्तपत्रांत बाजारभावांचे वृत्तांत लिहीत असे. भाव कसे ठरतात ह्याविषयी पुस्तके एक सांगतात आणि बाजारातले व्यापारी दुसरेच सांगतात, हे त्याच्या ध्यानात आले. १८७१ साली त्याने आपला ग्रंथ छापला. त्याचे सार असे, की वस्तूचे मोल तिच्यात किती घाम ओतला ह्यावर ठरत नाही. घेणाऱ्याची कोणती गरज तिच्यावाचून अडून राहील, ह्यावर ते ठरते.

मौज पाहा, ह्याच मेंगरचा सख्खा धाकटा भाऊ अंटोन हा समाजवादी विचाराचा कायदेपंडित होता. श्रमाचे सगळे फळ श्रमणाऱ्याला मिळण्याच्या हक्कावर त्याने १८८६ साली ग्रंथ लिहिला. एकाच आईची दोन लेकरे, एक बाजाराकडे गेला आणि दुसरा कामगाराकडे. आमच्या सोबत्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मेंगरचे म्हणणे बोम-बावर्कने एका सोप्या दृष्टांताने समजावून दिले. रानात एकटा राहणारा एक शेतकरी आहे. त्याच्याजवळ पाच पोती धान्य आहे. पहिले जीव जगवण्यासाठी, दुसरे अंगी बळ राहावे म्हणून, तिसरे कोंबड्यांना, चौथे दारू गाळायला आणि पाचवे हौसेने पाळलेल्या पोपटांना. ह्यातले एक पोते गेले तर तो काय सोडील? स्वतःची भाकरी खास नाही. पोपट उपाशी राहतील. म्हणून पाच पोती असतात तेव्हा कोणत्याही एका पोत्याचे मोल पोपटांच्या चाऱ्याएवढेच. पण घरात एकच पोते उरले, तर त्याचे मोल प्राणाएवढे. हा दृष्टांत ध्यानात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

बोम-बावर्क नुसता पुस्तकी पंडित नव्हता. तो ऑस्ट्रियाचा तीन वेळा अर्थमंत्री झाला. मार्क्सच्या अर्थशास्त्रावर त्याने १८९६ साली कडक टीका लिहिली. पण मंत्रिपद सोडल्यावर विद्यापीठात जी चर्चामंडळी त्याने भरवली, तीत मिझेसच्या जोडीला ओटो बावर आणि हिल्फरडिंग हे मार्क्सवादीही बसत. ह्या हिल्फरडिंगनेच १९०४ साली त्याच्या टीकेला उत्तर लिहिले होते. विरोधकाला दाराबाहेर ठेवायचे नाही, ही रीत आम्हाला घेण्यासारखी वाटते.

त्याच्या १९१४ च्या निबंधाचा मथितार्थ असा: श्रमामुळे जेवढी भर पडते, तिच्या पलीकडे बळाने मजुरी नेली, तर ती काही काळ मिळते, पण मालक पुढे यंत्रे आणतो, माणसे कमी करतो आणि हिशेब चुकता करतो. ते वाचताना आमच्या कारखान्याचाच इतिहास कुणी शंभर वर्षे आधी लिहून ठेवला आहे, असे वाटले. पण त्याच निबंधात तो आणखी एक गोष्ट कबूल करतो, आणि खुल्या बाजाराचे भक्त ती सहसा सांगत नाहीत. मालकाने आपल्या वरचढ स्थितीच्या जोरावर मजुरी त्या भरीच्याही खाली दाबली असेल, तर संपाने वर नेलेली मजुरी टिकू शकते.

ह्या पंथातला पुढचा पुरुष लुडविग फॉन मिझेस. १९२० साली, रशियातील क्रांती ताजी असताना, त्याने एक प्रश्न टाकला. यंत्रे, जमीन, कच्चा माल ही सगळी सरकारच्या मालकीची झाली, तर त्यांची खरेदी-विक्री थांबेल. खरेदी-विक्री थांबली की भाव उरणार नाहीत. आणि भावच नसतील तर रेल्वे बांधावी की धरण बांधावे, ह्याचा हिशेब कसा करणार? १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. त्याची कारणे अनेक होती. पण ह्या प्रश्नाला तिथे समाधानकारक उत्तर सापडले नव्हते, हे आमच्यासारख्यांनीही मान्य केले पाहिजे.

त्याच्यानंतरचा फ्रीड्रिख हायेक. जन्म १८९९, मृत्यू १९९२. १९७४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला गुन्नार मिर्दालबरोबर विभागून मिळाले. १९४५ सालच्या निबंधात त्याने कथिलाचे उदाहरण दिले आहे. जगात कुठे तरी कथिलाची खाण बंद पडते किंवा त्याचा नवा उपयोग निघतो. कारण कुणाला ठाऊक नसते. पण भाव चढतो आणि हजारो ठिकाणची माणसे आपापल्या परीने कथिल जपून वापरू लागतात. ज्ञान हे असे लोकांत विखुरलेले असते. कोणतीही एक कचेरी ते गोळा करू शकत नाही.

आपल्या देशाचाही ह्यात एक धागा आहे. लंडनमध्ये शिकलेले आणि हायेकच्या विचारांचा संस्कार झालेले बी. आर. शेणॉय ह्यांनी १९५५ साली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात, एकट्याने भिन्नमत पत्रिका जोडली. तुटीच्या पैशावर एवढी मोठी योजना उभारली तर महागाई वाढेल, असा त्यांचा इशारा होता. महागाईचा पहिला फटका मजुरालाच बसतो. म्हणजे ती पत्रिका आमच्याही कामाची होती. पण आमच्या चळवळीत ती कुणी वाचल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

आता आमचे भांडण कुठे आहे ते सांगतो. हायेकने १९६० सालच्या ग्रंथात कामगार संघटनांवर एक अख्खे प्रकरण लिहून त्यांना बळजबरीबद्दल दोष दिला. तोच हायेक १९७७ साली चिलीत जाऊन पिनोचेटला भेटला. आणि तिथे तर १९७३ च्या लष्करी उठावानंतर कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेवर बंदी होती. संघटनेच्या बळजबरीवर प्रकरण लिहिणाऱ्याला बंदुकीची बळजबरी तेवढी खटकू नये, हे आमच्या गळी उतरत नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की १९४४ च्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात कामाच्या तासांवर मर्यादा घालणे आणि सर्वांना किमान अन्नवस्त्राची हमी देणे त्याला मान्य होते. त्याची नावे घेणारे पुष्कळ जण ही पाने उलटून पुढे जातात.

पण आमचे खरे उत्तर त्यांच्याच शिकवणीतून निघते. आता ती पाच पोती आठवा. कारखान्याच्या दारात मालक आणि एकटा मजूर समोरासमोर उभे आहेत. सौदा फिसकटला तर मालकाचे पाचवे पोते जाते, पोपटांचे. मजुराचे पहिले आणि एकुलते पोते जाते. आजचा न विकलेला दिवस उद्यासाठी कोठारात ठेवता येत नाही, आणि चूल तर संध्याकाळी पेटायची असते. असा माणूस कोणत्याही भावाला हो म्हणतो. दहाजणांनी आपली पोती एकत्र ठेवली, तर त्यांना चार दिवस थांबता येते. युनियन म्हणजे एवढेच. ती बाजाराचा नियम मोडत नाही. त्या नियमात मजुराला ताठ उभे राहू देते.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. यंत्राचे बेअरिंग बिघडत चालले आहे, हे लेथवरचा माणूस आवाजावरून ओळखतो. कचेरीतल्या साहेबाला ते कागदावर दिसत नाही. हायेकचे म्हणणे खरे मानायचे, तर ते कारखान्याच्या फाटकाशी का थांबावे? तिथेही एक छोटेसे नियोजन मंडळ वरून हुकूम सोडतच असते. खालचे ज्ञान वर नेणारे कुणीतरी हवे, आणि भीती न बाळगता ते बोलायचे तर पाठीशी संघटना हवी.

आमचीही चूक आम्ही मान्य करतो. आम्ही मालकाच्या वह्या मागितल्या नाहीत, श्रमाची भर किती ते मोजले नाही, नव्या यंत्रावरचे शिक्षण करारात घातले नाही. आणि कंत्राटी पोराला तर आम्ही सभासदच करून घेत नव्हतो. म्हणजे त्याचे एकुलते पोते बाहेर ठेवूनच आम्ही थांबायला बसलो होतो. मालकाला तेवढी फट पुरली. त्या मुलाला आम्ही हे उत्तर दिले, उशिरा दिले. आज तो आमच्या कंत्राटी कामगारांच्या सभेला येतो आणि मालकाचा ताळेबंद आमच्याहून बरा वाचतो.

तुम्ही दुकानदार असा, शिक्षक असा की कामगार. विरुद्ध बाजूचे एक तरी पुस्तक ह्या उन्हाळ्यात वाचा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.