जोडनावाचं पिल्लू



इंग्रजीत कुत्र्यांची काही गमतीदार नावं रूढ झाली आहेत. कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांच्या पिल्लाला म्हणतात कॉकापू. माल्टीज आणि पूडल यांचं पिल्लू माल्टीपू. शाळेत आपण समास शिकलो, त्यातलाच हा प्रकार. द्वंद्व समासात दोन्ही पदं सारख्याच महत्त्वाची असतात. पिल्लाच्या बाबतीत मात्र कुठलं पद वरचढ ठरेल, हे आधी सांगता येत नाही. आज बोलायचं आहे ते या जोडनावांच्या छोट्या कुत्र्यांविषयी, मुख्यतः कॉकापूविषयी.

कॉकापू अमेरिकेत १९६० च्या दशकात नावारूपाला आला. आज ब्रिटनमध्ये तो फार लोकप्रिय आहे. वजन साधारण पाच ते बारा किलो. कुरळे किंवा लाटदार केस, लोंबते कान, गोल डोळे. बारा-पंधरा वर्षं जगतो. रूप खेळण्यासारखं असलं, तरी घराणं कष्टकऱ्यांचं आहे. झुडपात दडलेले वुडकॉक पक्षी उठवून देणं हे कॉकरचं मूळ काम. त्यावरूनच त्याला नाव मिळालं. पूडल आज नटवा वाटतो, पण तो पाण्यात पडलेली शिकार काढून आणणारा कुत्रा. म्हणून कॉकापूला हुशारी आणि धावपळ दोन्ही बाजूंनी मिळते. त्याला रोज तासभर तरी फिरणं, खेळणं आणि नाकाला काहीतरी काम लागतं. शिकवलेलं तो लवकर उचलतो. दटावण्यापेक्षा खाऊ आणि शाबासकी यांनी लवकर शिकतो. माणसाची सोबत ही त्याची भूक असते. दिवसभर एकटा कोंडला, तर भुंकतो, दार ओरबाडतो. तो खोडी काढत नसतो, घाबरलेला असतो.

हे पिल्लू विकताना तीन आश्वासनं दिली जातात. केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही आणि संकर असल्यामुळे आजार होत नाहीत. ही तिन्ही आश्वासनं नीट तपासून घ्यायला हवीत.

आधी केसांचं पाहू. पूडलसारखे केस आले, तर ते कमी गळतात हे खरं. पण सुटलेला केस खाली पडत नाही, तो बाकीच्या केसांत अडकतो. त्याच्या गाठी होतात, कातडी ओढली जाते, आत ओल राहून जखमा होतात. म्हणून रोज मुळापर्यंत विंचरायचं आणि दर सहा-आठ आठवड्यांनी केस कापायचे. घर झाडण्याचं काम वाचतं, पण फणी हातात घ्यावीच लागते.

आता ॲलर्जी. १९८९ साली ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरॉन काम करत होते. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. कॉनरॉन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तर तिघांतल्या एकाचाच त्रास त्या गृहस्थांना झाला नाही. त्याचं नाव सुलतान. उरलेली दोन कोणी घेईना, कारण लोकांना अस्सल जातीचा कुत्रा हवा होता. मग कॉनरॉन यांनी 'लॅब्राडूडल' हे नाव पुढे केलं आणि मागणी सुरू झाली. पिल्लं तीच होती, बदललं ते फक्त नाव! शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विचारात पाडते. पुढे पैशासाठी वाटेल तसा संकर होऊ लागला. तेव्हा आपण हे सुरू केलं याचा पस्तावा होतो, असं कॉनरॉन यांनी २०१९ साली जाहीरपणे सांगितलं. ॲलर्जी केसांमुळेच होते असं नाही. ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते, आणि ती प्रथिनं प्रत्येक कुत्र्यात असतात.

तिसरी गोष्ट आजारांची. आईबापांचे दोष वेगवेगळे असतील, तर संकराने फायदा होतो. पण दोष दोघांत एकच असेल, तर तो पुसला जात नाही. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन अंधत्व आणणारा एक आनुवंशिक विकार कॉकरमध्ये आहे आणि पूडलमध्येही. आईबापांची जनुकीय तपासणी केली, तर तो टाळता येतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉकापू, कॅव्हापू आणि लॅब्राडूडल यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. सुमारे ८७ टक्के तुलनांमध्ये काहीच फरक दिसला नाही.

बाकी निगा साधी आहे, पण ती रोजची आहे. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून आंघोळीनंतर ते कोरडे करावेत; वास आला तर डॉक्टरांना दाखवावं. छोट्या कुत्र्यांचे दात लवकर खराब होतात, म्हणून ब्रश करावा. कांदा, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट त्याला विषासारखी. आपल्याकडे ठेवायचा असेल, तर उन्हाळ्यात केस आखूड ठेवावेत, फिरणं सकाळी लवकर किंवा रात्री करावं आणि रेबीजची लस चुकवू नये.

पिल्लू घेताना त्याची आई पाहायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर परत फिरा. २०१३ साली वेल्समधल्या अशाच एका पिल्लांच्या कारखान्यातून 'लूसी' नावाची कुत्री सोडवली गेली. सतत पिल्लं देऊन ती खिळखिळी झाली होती. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लागू झाला. तिथे आता दुकानदाराला किंवा दलालाला सहा महिन्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आपल्याकडेही २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे.

हदीसमध्ये एक गोष्ट आहे. तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा पाहून एक वाटसरू विहिरीत उतरला. आपल्या पायातल्या मोज्यात पाणी भरून त्याने ते वर आणलं आणि कुत्र्याला पाजलं. त्या कृतीसाठी अल्लाहने त्याला क्षमा केली. कुत्रा कुठल्या जातीचा होता, हे त्या गोष्टीत कुठेही आलेलं नाही.

तेव्हा श्रोतेहो, घरात मुलांनी अशा पिल्लाचा हट्ट धरला, तर नाव ठरवण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसा. रोज विंचरणार कोण, फिरवणार कोण, आणि पुढची बारा-पंधरा वर्षं त्याच्यासाठी घरी थांबणार कोण, हे ठरवा. उत्तरं मिळाली, तर पिल्लू जरूर आणा.