ढालीवरचे चिन्ह आणि कुंभावरचे चित्र



सरकारी नोकरीत केस पिकले की शिक्का पाहून कचेरी ओळखण्याची सवय जडते. प्राचीन ग्रीक कुंभांवरील योद्ध्यांच्या ढाली पाहताना आम्हांला प्रथम तीच सवय बाजूला ठेवावी लागते.

ही ढाल लाकडाची, वाटोळी, सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची. पुष्कळदा तीवर कांस्याचा पत्रा मढविलेला असे. लाकूड कुजले, रंग उडाले. तिच्यावरील चिन्हांची साक्ष आज मुख्यतः मृत्पात्रांवरील चित्रेच देतात. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी आवश्यक असते.

१८८१ साली इटलीत, एका एट्रुस्कन थडग्यात सापडलेला व आज रोमच्या संग्रहालयात असलेला 'कीजी' कुंभ घ्या. कॉरिंथच्या कारागिराने तो इ. स. पू. ६५० च्या सुमारास घडविला. त्यावर दोन सैन्ये भिडली आहेत. उजवीकडच्या सैन्याच्या ढालींवर कुठे पक्षी, कुठे गॉर्गन राक्षसीचे मुख. एकाच रांगेत चिन्हे निरनिराळी. तेव्हा हे नगरराज्याचे बोधचिन्ह मानता येत नाही. डावीकडच्या सैन्याची चिन्हे मात्र दिसतच नाहीत! ढाल डाव्या हाती असते. म्हणून डावीकडून उजवीकडे जाणाऱ्याची ढाल आपणांस आतून दिसते, समोरून येणाऱ्याची बाहेरून. त्यातच द्वंद्वाच्या चित्रांत विजेता बहुधा डावीकडे काढीत. साहजिकच चिन्हांची मोजदाद करणाऱ्याच्या पदरी पराभूतांचीच चिन्हे अधिक पडतात.

पुढे काही नगरांनी ढालींवर आपले आद्याक्षर घातले. तरीही घोटाळा टळला नाही. इ. स. पू. ३९२ मध्ये कॉरिंथपाशी स्पार्टाच्या पासिमाखोसने सिक्योनच्या सैनिकांच्या ढाली घेतल्या. त्यांवरील 'सिग्मा' अक्षर पाहून आर्गोसचे सैनिक निर्धास्तपणे चालून आले, असे झेनोफोन सांगतो. अक्षर सिक्योनचे, हात स्पार्टाचे! त्या झुंजीत पासिमाखोस स्वतःही पडला.

नाव आणि पेहराव यांवरून माणूस ठरविणे किती फसवे असते, हे परप्रांती संसार थाटलेल्या आपणांस निराळे सांगावयास नको. आपल्या मुलांना असा कुंभ वा त्याचे छायाचित्र दाखवाल, तेव्हा 'ही ढाल कोणाची?' या प्रश्नाआधी त्यांना एवढे विचारावयास शिकवा : हे चित्र कोणी काढले, कोणत्या गिऱ्हाइकासाठी काढले, आणि ढालीची कोणती बाजू आपल्याकडे आहे?