मुंग्यांपासून मणक्यापर्यंत

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू डॉक्टर आहेस, आरोग्यावर काहीतरी बोल. पण फार घाबरवू नकोस, नंतर जेवण आहे." आपल्या ग्रुपवर रोज सकाळी गुडघेदुखीवरचे जे उपाय येतात, त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही. ते पाठवणारे इथेच बसले आहेत आणि त्यांच्याच हातात जेवणाची व्यवस्था आहे. मी ३० वर्षांहून जास्त काळ हाडांचा डॉक्टर आहे. पण आज हाडांपेक्षा हाडांच्या आडोशाने जाणाऱ्या मज्जातंतूंबद्दल बोलणार आहे. त्यांची ओळख आपल्याला याच शाळेत झाली, फक्त तेव्हा कळलं नाही.

आठवा, प्रार्थनेनंतर मांडी घालून बसायचो आणि सरांचं बोलणं लांबायचं. उठायची वेळ आली की पाय आपला नाहीच असं वाटायचं. मग मुंग्या. शेजारचा मुद्दाम त्या पायावर टिचकी मारायचा. तेव्हा होत काय होतं? पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर दाब पडायचा. निरोप थांबायचे. दाब निघाला की निरोप पुन्हा सुरू व्हायचे, पण सुरुवातीला वेडेवाकडे, एकदम गर्दीने. त्याच मुंग्या.

दुसरा धडा बाकाच्या कोपऱ्याने दिला. कोपर आपटलं की करंट लागायचा. आपण म्हणायचो, हाडाला लागलं. पण तो झटका हाडाचा नसतो. कोपराच्या आतल्या बाजूला जो उंचवटा आहे, त्याच्या मागच्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो. तिथे त्याच्यावर ना मांस ना चरबी, नुसती कातडी. म्हणून करंट थेट करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात जातो.

तिसरा धडा शिक्षेचा. उकिडवं बसवायचे, आठवतंय? गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. पाऊल वर उचलणारे स्नायू त्याच्या ताब्यात. तासन् तास उकिडवं बसलं की तो दाबला जातो. आपल्याला दहा मिनिटांत सोडायचे म्हणून बचावलो. पण दिवसभर उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. म्हणतात, "डॉक्टर, चालताना पायातली चप्पल राहत नाही." पाऊल लोंबतं, जमिनीवर फरफटतं. बहुतेकींचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं. काही जणी मात्र आधी वर्षभर तेल चोळून मग येतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे 'नस' हा शब्द सगळ्यालाच वापरतात. रक्तवाहिनी म्हणजे नस, स्नायूची दोरी म्हणजे नस, मज्जातंतू म्हणजेही नस. "नस चढली", "नस दबली", "नस कापली". त्यामुळे पेशंट काय सांगतो आणि डॉक्टर काय ऐकतो यात फरक पडतो. तुम्ही दवाखान्यात गेलात की 'नस' म्हणू नका. 'इथे बधिर आहे' किंवा 'हे बोट उचलता येत नाही' एवढंच सांगा. त्यावरून डॉक्टरला नेमका मज्जातंतू सांगता येतो.

मज्जातंतूला इजा झाली की ती किती खोल आहे यावर सगळं ठरतं. सर हर्बर्ट सेडन नावाच्या इंग्रज सर्जनने १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, याची तीन प्रकारांत विभागणी केली. ती आम्ही आजही वापरतो. विजेच्या वायरीवरून सांगतो. पहिल्या प्रकारात वायर शाबूत, पण एका जागी प्रवाह अडलेला. हे आपोआप सुधारतं, सहसा तीन महिन्यांच्या आत. दुसऱ्या प्रकारात आतली तार तुटलेली, पण बाहेरचं आवरण शाबूत. मग तार त्या आवरणातून पुन्हा वाढत जाते. तिसऱ्या प्रकारात आवरणासकट सगळं तुटलेलं. तिथे वाढणाऱ्या टोकाला वाट सापडत नाही, शस्त्रक्रिया करून टोकं जोडावी लागतात.

आता वाढीचा वेग ऐका. दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. इजा मनगटापाशी असेल तर पल्ला थोडा. पण मोटरसायकलवरून खांद्यावर आपटलेल्या मुलाचा मज्जातंतू मानेपाशी तुटला असेल तर बोटांपर्यंतचा पल्ला दोन फुटांहून जास्त. म्हणजे हिशेबाने दोन वर्षं. आणि स्नायू तेवढं थांबत नाही. वर्ष-दीड वर्ष निरोप आला नाही तर तो वाळतो, मग मज्जातंतू पोचला तरी उपयोग नाही.

म्हणून 'थांबून बघू' या शब्दांना मर्यादा आहे. हे मी कळकळीने सांगतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात आता विशीतला मुलगा, पुतण्या किंवा भाचा आहे आणि त्याच्याकडे दुचाकी आहे. अपघातात डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला गेला की मानेतून हाताकडे येणारा मज्जातंतूंचा जुडगा ताणतो, कधी मुळापासून उपटतो. हाड मोडलेलं नसतं, एक्स-रे चांगला दिसतो, आणि घरचे म्हणतात, "सूज उतरली की येईल हात." तीन महिन्यांत हात हलायला लागला नाही तर अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे न्या. सहा महिन्यांच्या आत काही केलं तर त्याचा फायदा सगळ्यात जास्त. मी दीड वर्षाने आलेले मुलगे पाहिले आहेत. त्यांना 'उशीर झाला' हे सांगायला मला अजूनही जड जातं.

आणखी दोन-तीन गोष्टी भराभर सांगतो. काच लागून मनगट कापलं तर नुसते टाके घालून घरी येऊ नका, बोटांची संवेदना आणि हालचाल तपासून घ्या. कातडी शिवली आणि आतला मज्जातंतू तसाच राहिला, असं होतं. मोडलेल्या हातावर कोणी बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि बोटं थंड, बधिर पडली किंवा ताणल्यावर असह्य दुखली, तर ती पट्टी त्याच क्षणी सोडा. काही तासांत स्नायू मरतात आणि मूठ कायमची आखडते. कातडीवर फिकट चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल तर संकोच न करता सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवरच हल्ला करतात, बोटं वाकतात ती त्यामुळेच. औषध मोफत आहे आणि वेळेत घेतलं तर बोटं वाचतात.

आणि आपल्या वयाची गोष्ट. कंबर दुखते सगळ्यांचीच. पण कंबरदुखीबरोबर बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही पायांतली ताकद कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. मणक्याच्या पोकळीतला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका असतो. गादी सरकून तो झुपका दबला तर तासांचा हिशेब असतो. हे बायकांना जास्त सांगतो, कारण लघवीची तक्रार त्या बोलतच नाहीत.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते बोलतो.

आपण आठवीत होतो. शाळेच्या मागचं आंब्याचं झाड तुम्हाला माहीत आहे. मधल्या सुट्टीत आपला एक मित्र कैऱ्यांसाठी चढला आणि फांदीसकट खाली आला. त्याचं नाव मी घेत नाही, इथल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. हे सगळं मी त्याच्या परवानगीने सांगतो आहे.

तो पाठीवर पडला होता. शुद्धीवर होता. "पाय जड झालेत रे," म्हणाला. आम्ही चौघे होतो. एकाने पाय धरले, मी काखेत हात घातले, आणि त्याला पोत्यासारखा उचलला. तो मध्ये वाकला आणि ओरडला. तसाच त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातला. खड्ड्यांच्या रस्त्याने तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. त्यानंतर तो पायावर उभा राहिला नाही.

मेडिकलला मणक्याची पहिली केस पाहिली तेव्हा मला कळलं की आपण काय केलं होतं. पाठ जिथे कमरेला मिळते तिथला मणका मोडला असेल, तर वाकवल्यावर हाडाचा तुकडा मज्जारज्जूत घुसू शकतो. त्याच्या बाबतीत नेमकं काय घडलं? पडतानाच सगळं होऊन गेलं असेल. कदाचित आम्ही उचलताना झालं असेल. हे आज कोणीही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. पण हा प्रश्न मी चाळीसहून जास्त वर्षं बाळगला. बाकीच्या तिघांनीही बाळगला असणार. आपण इतक्या वेळा भेटलो, पण यावर एक शब्द बोललो नाही.

या मेळाव्याचं ठरलं तेव्हा मी त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसलो आणि विचारलं. तो म्हणाला, "मला आठवतंय. तुझे हात थरथरत होते. बाकीची पोरं हेडसर मारतील म्हणून पळाली होती. तुम्ही चौघे पळाला नाहीत." मग गिऱ्हाईक आलं, त्याने दोन पानं काढून दिली, पैसे घेतले आणि म्हणाला, "आता निदान पुढच्या पोरांना नीट उचलायला शिकव."

तेच आज करतो. उंचावरून पडलेला, अपघातात सापडलेला माणूस असेल तर त्याला बसवू नका, ओढू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. श्वास चालू आहे का बघा. मान किंवा पाठ दुखते का, पाय हलतात का, स्पर्श कळतो का, हे विचारा. १०८ ला फोन करा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं शरीराच्या रेषेत धरायचं, आणि हुकूम फक्त त्याचाच. हलवावंच लागलं तर तिघांनी एका बाजूला बसून, एकाच वेळी, ओंडका फिरवावा तसं कुशीवर वळवायचं. डोकं, पाठ, कंबर एकाच रेषेत. खाली फळी सरकवायची, फळी नसेल तर दार काढा. आग किंवा वाहनाचा धोका असेल तरच थांबू नका, पण तेव्हाही रेष मोडू देऊ नका. एवढंच आहे. चौघांना शिकायला अर्धा तास लागतो. आम्हीही चौघेच होतो.

मणक्याला इजा झाली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले, त्यांच्या मणक्यात गोळी राहिली. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पण त्यासाठी बेडसोअर होऊ न देणं, लघवीची काळजी, व्यायाम, चाकाची खुर्ची आणि ती खुर्ची जाईल असा रस्ता लागतो.

शेवटी एक विनंती. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधायची असं ठरतंय, त्यावर आपली नावं. आज सत्कारासाठी सगळ्यांना व्यासपीठावर बोलावलं. आपला मित्र पहिल्या रांगेतच बसून राहिला, आणि हार घेऊन मुख्याध्यापकांना खाली उतरावं लागलं. कारण या व्यासपीठाला पाच पायऱ्या आहेत. मी सकाळी मोजल्या, उंची अडीच फूट. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, या हिशेबाने ३० फुटांचा उतार लागेल. भिंतीच्या कडेने तेवढी जागा आहे. कमानीच्या पैशात हा उतार, स्वच्छतागृहाला रुंद दार, आणि शाळेत कायम राहील असा एक स्ट्रेचर एवढं होतं. दर वर्षी जूनमध्ये येऊन आठवी-नववीच्या मुलांना उचलायला शिकवायचं काम माझं. त्याने सांगितलंय, पेशंट म्हणून झोपायला तो येईल, "मला अनुभव आहे."

पुढच्या मेळाव्याला तो वर असेल आणि सूत्रसंचालन करेल. शाळेत असताना तेही तोच करायचा.

जेवण थांबलंय. बराच वेळ बसलात, कोणाच्या पायाला मुंग्या आल्या असतील तर घाबरू नका, दोन मिनिटांत जातील.