मूत्राशयाचा कर्करोग आणि क्षयाची लस



कांहीं रोगांचीं नांवें चारचौघांत घेण्यास आपल्याला संकोच वाटतो. मूत्राशयाचा कर्करोग हा त्यांपैकीं एक. लघवीवाटे रक्त गेलें, दुखलें मुळींच नाहीं आणि दोन दिवसांत आपोआप थांबलें, कीं ‘उष्णता झाली असेल’ असें म्हणून मनुष्य धण्याचें पाणी पितो आणि गोष्ट विसरतो. वास्तविक असा वेदनारहित रक्तस्राव हीच बहुधा या रोगाची पहिली सूचना असते.

१८९५ सालीं फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनीं रंगाच्या कारखान्यांतील कामगारांमध्यें मूत्राशयाच्या गांठी आढळल्याचें जाहीर केलें. विषारी द्रव्यें रक्तांत शिरतात, मूत्रपिंडें तीं गाळून मूत्राशयांत सोडतात आणि तेथें तीं तासन्‌तास सांठून राहतात. तंबाखूच्या धुराचेंही असेंच आहे. आज या रोगाचें सर्वांत मोठें कारण धूम्रपान हेंच होय. विडी ओढणारास छातीची धास्ती असते. मूत्राशयाची आठवण सहसा कोणास होत नाहीं.

मूत्रमार्गानें दुर्बीण घालून गांठ खरवडून काढतां येते. परंतु ती पुष्कळदां पुन्हां उगवते. यावर उपाय मिळाला तो क्षयाच्या लशींत. काल्मेत व गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गुरांच्या क्षयाचे जंतु तेरा वर्षें प्रयोगशाळेंत वाढवून निर्बल केले. १९२१ सालीं ती लस प्रथम मनुष्यास दिली गेली. हीच आपली बी. सी. जी. १९७६ सालीं कॅनडांतील डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनीं ती नळीनें मूत्राशयांत सोडून नऊ रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. ही लस शरीराच्या रक्षक पेशींना जागें करते, आणि त्या कर्करोगाच्या पेशींचाही समाचार घेतात. प्रारंभीं आठवड्यांतून एकदां, अशी सहा आठवडे ती देतात. रोग स्नायूंत शिरलेला नसून उलटण्याचा धोका मोठा असेल, तेथें आजही हाच मुख्य आधार आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ही लस तयार करते.

रोग स्नायूंत शिरला म्हणजे मात्र बहुधा मूत्राशयच काढावा लागतो. अशा शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटांत किरणोपचार दिल्यास तेथें रोग उलटण्याचें प्रमाण घटतें, असें १९४१ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकारानें झालेल्या चांचणींत आढळलें. तिचे निष्कर्ष २०२५ सालीं मांडले गेले.

म्हणून, एकदांच कां होईना, लघवींत रक्त दिसल्यास त्याच आठवड्यांत वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. स्त्रियांमध्यें हा जंतुसंसर्ग समजून औषधें चालू राहतात आणि निदान लांबतें. घरच्यांनीं इकडे विशेष लक्ष द्यावें. प्रत्येक वेळीं कर्करोगच निघेल असें नाहीं. मुतखडा किंवा साधा संसर्गही निघेल. नाशिकरोडहून मुंबईस जाण्यास चार-पांच तास पुरतात. संकोच ओलांडण्यास मात्र कित्येकांना सहा महिने लागतात. तेवढे महिने वांचवणें आपल्या हातीं आहे.